बोया हलवला कुणी?

इन्नासी रेडिओवर बोलायला जायच्या आधी मिशीला तेल लावायचा. रेडिओवर मिशी दिसत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. त्याची बायको पनिमयम त्याला हे रोज ऐकवायची.

"अहो, ऐकणाऱ्याला मिशी दिसते का?"

"दिसत नाही, पण ऐकू येते," इन्नासी म्हणायचा आणि दुसऱ्या टोकाला पीळ द्यायचा.

अकरा वर्षं हेच चाललं होतं. गुडघे गेले म्हणून इन्नासीचा समुद्र सुटला आणि समुद्र सुटला म्हणून फादरनी त्याला चर्चच्या सभागृहावरच्या खोलीत, आमच्या चिप्पिक्कुडी गावाच्या इवल्याशा रेडिओ केंद्रात माइकपुढे बसवलं. काम एवढंच, की संध्याकाळी पाच वाजता वाऱ्याची खबर वाचायची. दोन मैलांवर समुद्रात हवामानवाल्यांचा बोया तरंगतो. वारा किती, लाट किती, हे तो कचेरीला कळवतो, कचेरी ते कागदावर टाकून आम्हाला पाठवते आणि उद्या होडी काढायची की जाळी शिवत बसायचं हे अख्खं गाव त्यावरून ठरवतं. पाच मिनिटांचं काम. पण त्या पाच मिनिटांत गावात कुत्रंही भुंकत नसे, आणि इन्नासीला जगायला ती पाच मिनिटं पुरत होती. उरलेला दिवस तो त्यांची वाट बघण्यात आणि कालची आठवण्यात घालवायचा.

कागदाच्या पहिल्या ओळीत बोयाची जागा लिहिलेली असायची, अंश आणि कला. ती ओळ इन्नासीनं अकरा वर्षांत एकदाही वाचली नाही. "अंश? समुद्रावर अंश कुणी आखून ठेवलेत? मला दाखवा, मी वाचतो." तो जागा सांगायचा ती आमच्या रीतीनं. आमची रीत अशी, की समुद्रातून किनाऱ्याकडे तोंड करायचं आणि एक जवळची खूण एका लांबच्या खुणेवर बसवायची. मग दुसरी जोडी तशीच बसवायची. दोन्ही जोड्या एकदम बसल्या की तुम्ही जागेवर आलात. याला म्हणायचं कणियम. बापानं पोराला मरताना घर नाही दिलं तरी चालेल, कणियम दिलं पाहिजे.

तर इन्नासी घसा खाकरून सुरुवात करायचा, "मंडळी, बोया आपल्या जागेवर आहे. एकटा ताड बोडक्याच्या नाकावर, चर्चची घंटा शिंगखडकावर." बोडका म्हणजे गावामागचा डोंगर. त्याला कपाळ आहे, नाक आहे, दोन कान आहेत. नाही ते फक्त झाड. एवढं सांगून झालं की मग वारा. कच्चान वारा, म्हणजे पश्चिमेचा, असला तर इन्नासीचा आवाज जड व्हायचा. वाडै असला, म्हणजे उत्तरेचा, तर तो असा गोड बोलायचा की लोक चादरी काढून ठेवायचे.

त्या वर्षी ईस्टरनंतर इन्नासीच्या मुलीचं, सहायमचं लग्न झालं. एकुलती एक. सासर किती लांब? सात घरं सोडून पूर्वेला. नवरामुलगा वियानी गुणाचा. त्याच्या आईबद्दल मी काही बोलत नाही, मलाही याच गावात राहायचं आहे. वरात निघायच्या दिवशी कपाट गेलं, पलंग गेला, मिक्सर गेला, आणि विहीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सगळं आलं हो, पण आमची पाण्याची टाकी फुटलीय. पोरगी सकाळी उठून आंघोळ कशानं करणार?" दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बादलीनं. इन्नासी घरी गेला, जिन्याच्या खोलीवर चढला, पाइप सोडवले, आणि स्वतःच्या गच्चीवरची हजार लिटरची पिवळी टाकी खाली उतरवून उलटी डोक्यावर घातली. वरातीच्या शेवटी ती टाकी दोन पायांवर चालत होती. बँडवाल्याला हसता हसता फुंकता येईना. तेव्हापासून इन्नासीच्या घरात पाणी पिंपात, आणि पिंप जिन्याखाली. पनिमयम कळशीगणिक एक वाक्य बोलायची आणि दिवसाला वीस कळशा लागायच्या.

आणि एवढं करून सहायमच्या घरी इन्नासी जातच नव्हता. आमच्याकडे मुलीच्या बापानं कारणाशिवाय व्याह्याच्या उंबऱ्यात उभं राहायचं नसतं. लोक म्हणतात, लेक दिली की खानावळ लावली? सात घरं! पोरीनं खोकलं तरी ऐकू येईल एवढं अंतर, आणि पाच महिन्यांत तो दोनदा गेला. एकदा सणाला आणि एकदा विहीणबाईंच्या पायाला फ्रॅक्चर झालं तेव्हा. त्या दुसऱ्या वेळी तो जरा जास्तच खुशीत होता असं पनिमयम म्हणते.

सप्टेंबरात समुद्र शांत झाला, होड्या नेटानं निघाल्या, आणि भानगड सुरू झाली.

पेदलीस हा पनिमयमचा भाऊ. मोटारीची फायबर होडी, छाती पुढे, आणि आवाज असा की त्याला रेडिओची गरज नाही. तो एका सकाळी चहाच्या टपरीवर आला आणि रिकामं जाळं त्यानं इन्नासीच्या पायाशी टाकलं.

"दाजी, तुमचा बोया कुठाय?"

"कुठं असणार? जागेवर."

"कसला जागेवर! आज डोळ्यांनी बघून आलोय. चर्चची घंटा शिंगावर बरोबर बसते, पण एकटा ताड नाकावर नाही. उजव्या कानावर आलाय! बोया सरकलाय पश्चिमेला. चांगला पाव मैल."

"तुझी नजर सरकली असेल."

"माझी एकट्याची? विचारा यांना!"

बाकीच्या तिघाचौघांनी माना डोलावल्या. ताड कानावरच होता म्हणे.

"म्हणजे इतके महिने तुम्ही खबर वाचताय ती कुठल्या पाण्याची?" पेदलीसनं टपरीच्या फळीवर मूठ आपटली. "तरीच! सासूच्या खडपावर महिना झाला एक शेपूट गावलं नाही. वारा तुमचा एक सांगतो, पाणी दुसरंच करतं. मासे काय येड्याचे आहेत?"

सासूचं खडप म्हणजे आमच्या गावाची पेढी. समुद्राच्या तळाशी खडकांचा ढीग, जाळी फाडतं पण मासा देतं, म्हणून नाव सासूचं. तिथं जायचं तेही एकटा ताड नाकावर धरूनच. तिथं मासा नाही म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

इन्नासीच्या हातातला चहा थंड झाला. त्याला माशांचं एवढं नाही वाटलं. त्याला वाटलं, मी रोज म्हणतो, बोया जागेवर आहे. अकरा वर्षं म्हणतोय. आणि तो जागेवर नाही? म्हणजे मी पोरांना खोटं सांगून समुद्रात पाठवतोय? आता अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं, चौकशी करावी. इन्नासी सरळ पाच वाजता माइकपुढे बसला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मंडळी, बोया सरकलेला आहे! कागदावरची जागा खोटी आहे. कचेरी झोपलेली आहे. हे मी, सवरीमुत्तूचा मुलगा इन्नासी, जबाबदारीनं सांगतो. खोटं ठरलो तर ही मिशी उतरवीन."

रेडिओचं काम बघणारी जेनिता काचेपलीकडे दोन्ही हात डोक्याला लावून उभी होती. पंचविशीतली पोर, नागरकोइलची, जूनमध्ये आमच्या शाळेत शिकवायला आली आणि फादरनी रेडिओही तिच्याच गळ्यात बांधला.

"काका, काय केलंत हे? आधी मला विचारायचं तरी!"

"तुला काय कळतं बोयातलं?"

"काही नाही. पण कचेरीचा नंबर माझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी कचेरीचाच फोन आला. त्यांचं म्हणणं, उपग्रह सांगतो बोया जागेवर आहे. तुमचा आक्षेप असेल तर होडीनं जा, यंत्रावर जागा मोजा, शनिवारपर्यंत तक्ता भरून पाठवा. आणि फादर, जे एरवी मुंगीलाही रागावत नाहीत, ते म्हणाले, "इन्नासी, रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर कमिटी बसवतोय. वाऱ्याची खबर चुकीची गेली असेल तर मला तुला माइकवर ठेवता येणार नाही. जेनिताच्या फोनात एक बाई आहे, ती आपोआप वाचते."

"कोण बाई?"

"यंत्राची बाई."

जेनितानं नाइलाजानं ऐकवली. बाईचा आवाज स्वच्छ, पण गावाचं नाव तिनं असं उच्चारलं की तो एखाद्या पचनाच्या गोळीचा ब्रँड वाटावा. इन्नासीनं ते ऐकलं आणि पहिल्यांदाच त्याला खरी भीती वाटली. पाच मिनिटं गेली तर दिवसात उरतं काय? पिंप, जिना आणि पनिमयमच्या वीस कळशा.

शुक्रवारी सकाळी पेदलीसची होडी निघाली. इन्नासीनं सणाचा शर्ट घातला होता. जेनिताच्या एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जागा मोजायचं यंत्र, गावातलं एकुलतं एक, आणि दुसऱ्या हातात अर्धं लिंबू. लाटेगणिक ती लिंबू हुंगत होती आणि पेदलीस लाटेगणिक तिला विचारत होता, "बाई, शाळेत पोहणं शिकवता का?"

बोया लागला. पक्ष्यांनी त्याला इतका घाण केला होता की मूळ रंग कोणता हे कचेरीलाही आठवलं नसतं. पेदलीसनं मोटार बंद केली. इन्नासी गुडघ्यांना शिव्या देत उभा राहिला, किनाऱ्याकडे वळला आणि डोळ्यांवर हात धरला. चर्चची घंटा शिंगखडकावर. अगदी चोख. मग त्यानं नजर डावीकडे नेली, आणि त्याचा आवाज फुलला.

"बघ! बघ जेनिता! एकटा ताड उजव्या कानावर! मी म्हणालो नव्हतो?"

"मी म्हणालो होतो," पेदलीस म्हणाला.

"तू म्हणालास, पण जाहीर मी केलं."

जेनितानं पिशवी उघडली, यंत्र बघितलं, कागद बघितला, परत यंत्र बघितलं. मग लिंबू हुंगलं आणि तिसऱ्यांदा बघितलं.

"काका, जागा जुळतेय. बोया साखळीवर थोडाफार फिरतो, तेवढाच फरक. कागदावर आहे तिथंच आहे हा."

"शक्यच नाही!"

"हे बघा आकडे."

"डबा बिघडलाय!" पेदलीस गरजला. "बापजाद्यांचं कणियम खोटं आणि हा डबा खरा? चला घरी! गावाला सांगतो मी!" आणि तो रागानं मोटारीची दोरी ओढायला लागला. मोटार दर वेळेला खोकायची आणि मरायची, आणि पेदलीस तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

जेनिता इन्नासीच्या शेजारी सरकली. बिचारी प्रामाणिकपणे किनारा न्याहाळत होती.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना? मला ताड दिसतच नाहीये."

"शहरात वाढलीस ना! तो काय, कानाखाली."

"तिथं तर एक पिवळं काहीतरी आहे."

"तोच."

"तो ताड नाही काका. ती पाण्याची टाकी आहे."

"मग? टाकीच. तिलाच एकटा ताड म्हणतात."

जेनितानं त्याच्याकडे बघितलं. यांना ऊन लागलं की काय, असं तिला वाटलं असणार.

"अगं, ताड खरा होता," इन्नासी समजुतीच्या सुरात सांगू लागला. "माझ्याच परसात. अठरा वर्षांमागच्या वादळात पडला. त्याच वर्षी मी गच्ची बांधली आणि वर टाकी बसवली. पोरं समुद्रातून बघतात तर ताडाच्या जागी पिवळं! म्हणाली, ताड परत उगवला. ताड पडतो गं, नाव थोडंच पडतं? तर ती टाकी, आमच्या घराच्या जिन्यावरची, ती जी..."

आणि तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. त्याला आपलं घर दिसत होतं, निळं, बोडक्याच्या नाकाच्या बरोबर खाली. त्याच्यावर काही नव्हतं. आणि उजवीकडे, सात घरं सोडून पूर्वेला, लख्ख उन्हात चमकत होता एकटा ताड.

इन्नासी मटकन खाली बसला.

"काय झालं काका?"

"काही नाही. पोटात ढवळलं."

चाळीस वर्षं समुद्र कोळून प्यायलेल्या माणसाला त्या पोरीनं आपलं अर्धं लिंबू दिलं, आणि त्यानं ते मुकाट्यानं हुंगलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण कळसा हजार लिटरचा असू शकतो, आणि तो काखेत नसून डोक्यावर असू शकतो, हे आमच्या इन्नासीनंच दाखवून दिलं.

होडी किनाऱ्याला लागायच्या आत पेदलीसनं उडी मारली आणि दवंडी सुरू केली. डबा खोटा, ताड खरा! दुपारपर्यंत गावात दोन तट पडले, पण एका तटात चारच माणसं होती: फादर, जेनिता, टपाल वाटणारा आणि एक बहिरा. बाकी अख्खं गाव ताडाच्या बाजूनं. म्हातारे काठ्या आपटत इन्नासीच्या दारात आले. "घाबरू नकोस रे! रविवारी बघतो त्या बाईला! आपला ताड कधी खोटं बोललाय?" पेदलीसनं दाजींच्या खांद्यावर हात टाकला. गेल्या वीस वर्षांत त्यानं असं केलं नव्हतं. "तुमच्या मिशीच्या केसाला धक्का लागू देत नाही," तो म्हणाला.

म्हणजे इन्नासीनं नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसला की माइक राहणार, मिशी राहणार, मेव्हणाही राहणार. फक्त सासूच्या खडपावर जायला निघालेल्या होड्या रोज ताड नाकावर बसवणार, पाव मैल पूर्वेला जाऊन निव्वळ वाळूवर जाळी टाकणार आणि रिकाम्या परत येणार. किती दिवस? टाकी गंजत नाही, प्लास्टिकची आहे.

त्या संध्याकाळी त्यानं घसा बसल्याचं सोंग केलं आणि खबर जेनितानं वाचली. घरी आल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला, पिंपाशेजारी.

"मासळीचं कालवण निवतंय," पनिमयम म्हणाली. "आणि तोंड असं का? गाव तुमच्या बाजूनं आहे ना?"

"पनी, बोया नाही सरकला. ताड सरकला."

"कुठला ताड? तो तर पडला."

"टाकी गं! टाकी! समुद्रातनं ताड म्हणून बघतात ती आपली टाकी. मी उचलून सहायमच्या घरी नेली. मी स्वतः!"

पनिमयमच्या हातातला डाव तसाच राहिला. मग ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. भिंतीला टेकली, खाली बसली. "अहो, म्हणजे माझ्या भावानं महिनाभर... वाळूवर..." आणि परत हसू.

"हसू नकोस. मला कळलं कसं नाही? मी नेली आणि मलाच कळलं नाही! पाच महिने! गावातल्या एका तरी मेल्याला कळायला हवं होतं!"

"गाव टाकी बघत नव्हतं, वरात बघत होतं. आणि तुम्हाला कसं कळणार?" पनिमयमनं डोळे पुसले. "टाकी उलटी डोक्यावर घातलीत ती कशाला, मला काय माहीत नाही? आत बसून रडायला. मी मागनं चालत होते. बनियन पुढनं ओलंचिंब."

"टाकीत पाणी राहिलं होतं."

"हो का? खारट पाणी?"

पनिमयम मग त्या संध्याकाळी पिंपावरून काही बोलली नाही. तिनं त्याच्या ताटात माशाचं डोकं वाढलं, जे ती एरवी स्वतःसाठी ठेवते.

शनिवारी पाचला तो माइकपुढे बसला. मिशीला तेल लावलं नव्हतं. जेनितानं काचेपलीकडून अंगठा दाखवला.

"मंडळी," इन्नासी म्हणाला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला. "मंडळी, बोया जागेवर आहे. कचेरी जागी आहे. डबा खरा आहे. सरकलाय तो एकटा ताड, आणि तो सरकवणारा मी. आपण ज्याला ताड म्हणतो ती माझी टाकी. ईस्टरनंतर ती मी माझ्या मुलीला दिली, आणि समुद्राला सांगायचं राहून गेलं. आता ऐका. ताड बोडक्याच्या नाकावर धरू नका, उजव्या कानावर धरा. सासूचं खडप तिथंच आहे, बोया तिथंच आहे. चुकलो. उद्या कमिटीला माझी जागा रिकामी मिळेल. वारा कच्चान, ताशी बारा मैल. लाट लहान. सांभाळून जा रे पोरांनो."

टपरीवरचं दूध उतू गेलं. मग पहिल्या घरातून हसू फुटलं, मग दुसऱ्या, मग वाळूपर्यंत सगळीकडे. पोरं ओरडत धावत सुटली, "ताड सासरी गेला! ताड सासरी गेला!" पेदलीस एकटा हसला नाही. तो जाळं खांद्यावर टाकून तरातरा होडीकडे गेला.

रविवारी मिस्सेनंतर सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. फादरनी चष्मा सावरून चौफेर बघितलं. "इन्नासी आला नाही का?"

"आलोय, फादर."

"कुठं?"

"हा काय, तुमच्यापुढं."

सगळ्यांनी वळून बघितलं. पहिल्या बाकावर एक परका गुळगुळीत माणूस बसला होता. पंचेचाळीस वर्षांनी उघडा पडलेला वरचा ओठ इतका गोरा, की तो ओठ कुणाकडून उसना आणलाय असं वाटत होतं. पनिमयम शेजारी बसली होती, पण जरा अंतर ठेवून. तिलाही अजून ओळख पटवून घ्यायची होती.

फादरनी जेनिताला खूण केली आणि यंत्राच्या बाईनं अंश, कला, वारा, लाट सगळं बिनचूक वाचलं. बाईची एक चूक निघेना. फादर म्हणाले, "मग? कुणाचं काही म्हणणं?"

मागून पेदलीस उठला. हातात ओली टोपली. टोपलीत शेपट्या फडफडत होत्या. आमच्याकडे रविवारी होडी काढत नाहीत. हा गडी शनिवारी खबर ऐकून गेला होता आणि अंधार पडायच्या आत परत आला होता. मासे रात्रभर पाण्यात जिवंत ठेवले होते, केवळ या क्षणासाठी. आमच्या पेदलीसला नाटकात घालायला हवं होतं.

"सासूच्या खडपाचे आहेत," तो म्हणाला. "ताड उजव्या कानावर धरला आणि जाळं टाकलं. फादर, त्या बाईला एक विचारा. म्हणावं, एकटा ताड कुठाय?"

"पेदलीस, ती यंत्र आहे."

"विचारा तर!"

जेनितानं गंभीर तोंडानं विचारलं. बाई म्हणाली, मला समजलं नाही, कृपया पुन्हा बोला.

"झालं!" पेदलीसनं टोपली फादरच्या टेबलावर ठेवली. "हिला ताडाचं लग्न झालेलं माहीत नाही. उद्या कुणी आणखी एक टाकी हलवली, तर हिला कोण सांगणार? आमचे दाजी मूर्ख आहेत. गाढव आहेत. पण आपण गाढव आहोत हे माइकवर सांगणारं दुसरं गाढव मला जिल्ह्यात दाखवा!"

इन्नासीला मान वर करता येईना. मेव्हण्यानं आयुष्यात एवढं कौतुक केलं नव्हतं.

फादरनी तिथल्या तिथं निवाडा दिला. माइक इन्नासीकडे. पण यापुढे खबर वाचायच्या आधी, रोज, न चुकता, एकटा ताड जागेवर आहे की नाही हे त्यानं स्वतः जाऊन तपासायचं. वर चढून, हात लावून. जेनितानं त्याची वही घालून दिली. तारीख, वेळ, तपासणाऱ्याची सही.

तेव्हापासून आमच्या गावात रोज साडेचारला एक माणूस वही काखेत मारून सात घरं पूर्वेला चालत जातो. रस्त्यावर कुणी विचारलं, "काय हो, लेकीकडे?" तर तो थांबून करड्या आवाजात सांगतो, "लेकीकडे नाही. तपासणीला."

विहीणबाईंना दारातून बाजूला व्हावंच लागतं. कमिटीचं काम आहे. इन्नासी जिना चढतो, टाकीवर तीनदा थाप मारतो, वहीत सही करतो. खाली सहायमनं सुंठेची कॉफी केलेली असते. तपासणीला दोन मिनिटं लागतात, कॉफीला पंचवीस. मिशी परत यायला लागलीय. सहायम म्हणते, अप्पा, नका ठेवू, असेच छान दिसता.

परवा वियानी म्हणाला, "मामा, रोज कशाला तो गुडघ्यांना त्रास? मी वर चढून बघतो आणि फोन करून सांगतो. टाकी काय, आहे तिथंच असणार."

सहायमनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्याचं पुढचं वाक्य घशातच राहिलं.

इन्नासीनं कप खाली ठेवला आणि वही काखेत मारली. "तसं नाही, जावईबापू," तो म्हणाला. "वाऱ्याचा प्रश्न आहे. मलाच यायला लागणार."